आबे फारिया : निद्रेचे कारण शोधणारा गोमंतकीय



चैत्र-वैशाखात आपल्या खानदेशात ऊन किती कडक पडते, हे जळगाव-धुळ्याच्या मुलांना निराळे सांगावयास नको. दुपारच्या तासाला वर्गात एखाद्याची मान लवते, शेजारचा त्याला कोपराने ढोसतो आणि सारा वर्ग हसतो. ही झोप साधी होय. परंतु झोपेचे दुसरेही प्रकार आपण पाहिले किंवा ऐकले आहेत. बाजारात जादूगार एखाद्या मुलाला चादरीखाली निजवितो, त्याच्या अंगावरून हात फिरवितो, आणि तो मुलगा डोळे मिटून प्रश्नांची उत्तरे देतो. खेड्यात एखादा धडधाकट तरुण बोलता बोलता झोपी जातो, अथवा हसता हसता गुडघे मोडून खाली कोसळतो. मग घरची मंडळी भगताला बोलावणे धाडतात. अशा प्रत्येक प्रसंगी पाहणाराच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. ही झोप आली कोठून? हात फिरविणाराच्या बोटांतून आली, भुताखेताकडून आली, की निजणाराच्या स्वतःच्याच ठायी तिचे मूळ आहे?

ह्या प्रश्नाचे उत्तर सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिस शहरात एका गोमंतकीय धर्मगुरूने दिले. त्या उत्तरापायी त्याला धन मिळाले नाही, मान मिळाला नाही. उलट उपहास मात्र पदरी आला. त्या पुरुषाचे नाव जुझे कुस्तोदियु द फारिया. जग त्यांना आबे फारिया ह्या नावाने ओळखते. फ्रेंच भाषेत धर्मगुरूस आबे असे संबोधण्याची रीत आहे.

फारिया ह्यांचा जन्म इ. स. १७५६ च्या मे महिन्यात गोव्यातील बारदेश तालुक्यात कांदोळी ह्या गावी त्यांच्या आजोळी झाला. वडील कायतान विटोरिनो हे जवळच्याच कोलवाळ गावचे; आईचे नाव रोझा मारिया. हे घराणे मूळचे सारस्वत ब्राह्मणाचे असून सोळाव्या शतकात त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. बालकाच्या नशिबी घरचे सुख फार दिवस नव्हते. आईबापांचे पटेना. अखेर धर्मसभेच्या अनुज्ञेने ती दोघे विभक्त झाली. वडिलांनी पूर्वी अर्धवट सोडलेले धर्मशिक्षण पुरे करून गुरुदीक्षा घेतली. आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली. एकुलत्या मुलाचा सारा भार वडिलांवर आला, आणि मुलाचे भवितव्य घडविणे हाच त्यांनी आपल्या आयुष्याचा हेतू केला.

इ. स. १७७१ च्या फेब्रुवारीत पितापुत्रांनी गोव्याचा किनारा सोडला. मुलाला तेव्हा पंधरावे वर्ष चालू होते. त्या काळी सुवेझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून जहाज लिस्बनला पोहोचले तेव्हा नोव्हेंबर महिना उजाडला होता. आपल्यापैकी ज्यांनी अजून भुसावळापलीकडचा प्रवास केला नसेल, त्यांनी त्या मुलाच्या मनाची कल्पना करून पाहावी. आई मागे राहिली ती कायमची. ह्या मुलाला पुन्हा मायभूमीचे दर्शन घडले नाही. लिस्बनहून दोघे रोमला गेले. तेथील धर्मप्रचार विद्यालयात मुलाने अध्ययन केले, १७८० साली त्यास गुरुदीक्षा मिळाली, आणि ईश्वरविद्येत पंडिताची पदवी संपादन करून तो लिस्बनला परतला.

ह्याच सुमारास घडलेली एक हकीकत गोव्यात अजून सांगतात. पोर्तुगालच्या राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचन करण्याचा मान तरुण फारियांना मिळाला. व्यासपीठावर चढून त्यांनी समोर पाहिले तो भरजरी पोशाखातील राजमंडळ बसलेले. ते पाहून त्यांची बोबडी वळली. तोंडातून शब्द फुटेना. व्यासपीठाखाली वडील बसले होते. त्यांनी हलक्या आवाजात आपल्या कोंकणी बोलीत मुलाला बजाविले की, समोर जे दिसते ती सगळी भाजी आहे, बेलाशक कापीत सूट. घरच्या भाषेतील ते चार शब्द कानी पडताच मुलाची भीती कोठल्या कोठे पळाली आणि प्रवचन उत्तम वठले. केवळ शब्दाने माणसाच्या देहाची व मनाची अवस्था क्षणात कशी पालटते, ह्या विचाराचे बीज तेव्हाच त्यांच्या मनात पडले असावे, असे पुष्कळ चरित्रकार मानतात.

परंतु दरबारची ती मर्जी टिकावयाची नव्हती. गोव्यात एतद्देशीय धर्मगुरूंना व अधिकाऱ्यांना वरच्या जागा मिळत नसत, म्हणून असंतोष माजला होता. १७८७ साली पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याचा एक कट उघडकीस आला. कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून तो पिंटोंचा कट म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढील वर्षी पंधरा जणांना देहान्त शिक्षा झाली. कटातील काही गोमंतकीय धर्मगुरूंचा लिस्बनमधील फारिया पितापुत्रांशी संबंध होता, म्हणून संशयाची नजर त्यांच्याकडेही वळली. मुलाने १७८८ मध्ये पॅरिस गाठले. पुढच्याच वर्षी फ्रान्सात राज्यक्रांतीचा भडका उडाला. त्या धामधुमीत फारियांनीही भाग घेतला. १७९५ मध्ये क्रांतिसरकारविरुद्ध झालेल्या उठावात एका तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले. परंतु त्यांचे खरे जीवितकार्य तलवारीचे नव्हते.

त्या काळी पॅरिसमध्ये एका निराळ्याच विद्येचा बोलबाला होता. मेस्मर नावाचा व्हिएन्नाचा वैद्य १७७८ मध्ये तेथे आला होता. साऱ्या विश्वात एक अदृश्य चुंबकीय द्रव भरलेला आहे, तो शरीरात अडला म्हणजे रोग होतो, आणि आपण हातांनी तो द्रव रोग्याच्या अंगात खेळवितो, असे त्याचे प्रतिपादन असे. ह्यावरूनच मेस्मेरिझम हा शब्द आपल्याकडेही रूढ झाला. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने ह्या प्रकाराच्या चौकशीसाठी मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे मंडळ नेमले. विजेचा अभ्यासक बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्राचा जनक लाव्हाझिए हे त्यात होते. असा कोणताही द्रव नाही, दिसून येणारे परिणाम कल्पनाशक्तीचे आहेत, असा निर्णय त्यांनी दिला. त्याच वर्षी प्युसेग्यूर नावाच्या सरदाराला असे आढळून आले की, आपल्या जमिनीवर राबणारा एक तरुण शेतकरी ह्या उपचाराने झोपी जातो, पण त्या झोपेत बोलतो, चालतो, सांगितलेले ऐकतो. ही झोपेतली जागृती पाहून लोक थक्क झाले. फारियांनी ह्याच प्युसेग्यूरपासून ह्या विद्येचा परिचय करून घेतला.

१८११ साली फारिया मार्सेय येथील विद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले. तेथील वैद्यकीय मंडळानेही त्यांना सभासद करून घेतले. काही काळ नीम शहरी शिकवून ते पॅरिसला परतले, आणि ११ ऑगस्ट १८१३ रोजी क्लिशी रस्त्यावरील एका घरात त्यांनी आपली जाहीर व्याख्याने सुरू केली. प्रवेशाची फी पाच फ्रँक होती. उंच बांध्याचा, सावळ्या वर्णाचा हा हिंदी धर्मगुरू पाहण्यासाठी पॅरिसचा शिष्ट समाज लोटू लागला.

त्यांची पद्धत अगदी साधी होती. मेस्मरप्रमाणे पाण्याचे टाके नाही, लोखंडी कांबी नाहीत, अंगावरून हात फिरविणे नाही. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याला ते आरामखुर्चीत बसवीत, डोळे मिटून झोपेचा विचार करावयास सांगत, आणि तो शांत झाला म्हणजे मोठ्या व निश्चयी स्वराने त्याला निजण्याची आज्ञा करीत. काही वेळा आपला उघडा तळवा त्याच्यासमोर धरून त्यावर दृष्टी स्थिर ठेवावयास लावीत. काही जण तत्काळ झोपी जात, काहींवर काडीमात्र परिणाम होत नसे. झोपलेल्याला पाणी देऊन ते मद्य आहे असे सांगितले तर त्याला मद्याची चव येई. हात उचलता येणार नाही असे सांगितले तर हात जागचा हलत नसे. अंगास टोचलेले कळतही नसे. ह्या अवस्थेला त्यांनी प्रकाशमय निद्रा असे नाव दिले.

बालमित्रांनो, ह्या ठिकाणी क्षणभर थांबून विचार करा. सभागृह गच्च भरलेले आहे, आज्ञा होताच माणूस निजत आहे, आणि श्रोते तोंडात बोट घालून पाहत आहेत. अशा वेळी ही सारी माझी शक्ती आहे, असे म्हणण्याचा मोह कोणाला होणार नाही? तसे म्हटले असते तर फारिया श्रीमंत झाले असते. पण त्यांनी नेमके उलट सांगितले. माझ्या हातात काही नाही, माझ्या इच्छेत काही नाही, विश्वात कोणताही चुंबकीय द्रव वाहत नाही. झोपेचे कारण झोपणाराच्याच ठायी आहे, असे ते प्रत्येक व्याख्यानात प्रतिपादन करीत. मन एकाग्र होणे, विश्वास बसणे, आणि देहाची घडण त्यास अनुकूल असणे, ह्या तीन गोष्टी जुळल्या म्हणजे आज्ञा देणारा केवळ निमित्तमात्र होतो. ज्याची प्रकृती अनुकूल नाही त्याला आपण निजवू शकत नाही, हेही त्यांनी स्पष्टपणे कबूल केले. कोणाला झोप लवकर लागते आणि कोणाला लागत नाही, हा भेद त्यांनी सैतानावर ढकलला नाही. त्याचे कारण ते मनुष्याच्या शरीरात शोधीत राहिले. ज्यांचे रक्त पातळ असते त्यांना ही झोप लवकर लागते, असे त्यांचे अनुमान होते. ते अनुमान पुढे टिकले नाही. पण शोधाची दिशा खरी होती.

सत्य सांगणाऱ्यास पुष्कळदा दोहोंकडून मार बसतो. येथे तर तो चोहोंकडून बसला. मेस्मरचे अनुयायी रागावले, कारण त्यांच्या द्रवाचा आधारच फारियांनी काढून घेतला. काही धर्मनिष्ठांना हा सैतानाचा खेळ वाटला. वर्तमानपत्रांनी त्यांना भोंदू ठरविले. अशातच एक नट त्यांच्या सभेत आला, झोपेचे सोंग करून पडला, आणि ऐन वेळी डोळे उघडून त्याने सर्वांसमोर फारियांची फजिती केली. १८१६ साली त्यांची टर उडविणारे एक प्रहसन पॅरिसच्या रंगभूमीवर आले. लोक पोट धरून हसले. व्याख्याने बंद पडली. ज्याला पाहण्यासाठी गर्दी होत असे, त्याला लोक रस्त्यात ओळख देईनासे झाले.

साठीच्या घरात आलेल्या ह्या विद्वानाने मुलींच्या एका निवासी शाळेत धर्मगुरूची साधी नोकरी पत्करली. तेथे बसून त्यांनी आपले विचार लिहून काढावयास आरंभ केला. ग्रंथाचे नाव त्यांनी प्रकाशमय निद्रेचे कारण असे ठेवले. ह्या नावातच त्यांचे सारे जीवित आले आहे. निद्रेचे चमत्कार दाखविणारे पुष्कळ होते. तिचे कारण विचारणारे फार थोडे. चार भागांचा संकल्प होता. त्यांपैकी पहिला भाग १८१९ साली छापला गेला. त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी मेंदूच्या विकाराचा झटका येऊन फारियांचा अंत झाला. पॅरिसमधील माँमार्त्रच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. तेथे थडग्यावर नावाचा दगडही राहिला नाही.

पुढे १८४४ पासून अलेक्झांडर ड्यूमा ह्या फ्रेंच कादंबरीकाराने मार्सेयसमोरील बेटावरच्या तुरुंगात खितपत पडलेला एक ज्ञानी म्हातारा आपल्या काउंट ऑफ मॉंटे क्रिस्टो ह्या कादंबरीत रंगविला आणि त्याला फारिया हेच नाव दिले. त्यामुळे जगभर नाव पोहोचले, पण ते कल्पित पात्राचे. खऱ्या फारियांना न्याय मिळण्यास आणखी काळ जावा लागला. १८४३ च्या सुमारास ब्रेड नावाच्या शस्त्रवैद्याने मोहिनीविद्येला हिप्नॉटिझम हे नाव दिले. आपल्या देशात बंगाल्यातील हुगळी येथे डॉक्टर एस्डेल ह्यांनी १८४५ पासून, म्हणजे क्लोरोफॉर्म प्रचारात येण्यापूर्वी, रोग्यांस ह्याच प्रकारे निजवून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. पुढे फ्रान्सातील नांसी शहराच्या लिएबो व बर्नहेम ह्या वैद्यांनी सूचनेचे शास्त्र उभारले. तेव्हा हे तत्त्व आधी कोणी सांगितले, ह्याचा शोध घेता फारियांचा जुना ग्रंथ पुन्हा उघडला गेला. १९०६ मध्ये गोमंतकीय डॉक्टर दालगादो ह्यांनी त्यांचे चरित्र लिहिले. १९२५ मध्ये पोर्तुगालचे मेंदुवैद्य एगास मोनिज ह्यांनी त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्याच मोनिजना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मोहिनीविद्येतील अवस्था ही खरी झोप नव्हे, हे आता मेंदूच्या विद्युल्लहरी टिपणाऱ्या यंत्राने कळून आले आहे; तेव्हा मेंदू जागाच असतो. मग खरी झोप अवेळी कशी येते? वर ज्या तरुणाचा उल्लेख केला, त्याचे काय? त्या प्रश्नाचा शोधही फारियांच्याच कर्मभूमीत, पॅरिसमध्ये, पुढे चालला. १८८० साली डॉक्टर जेलिनो ह्यांनी मद्याच्या पिंपांचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. तो जेवता जेवता, बोलता बोलता झोपी जाई, आणि मनोविकार अनावर झाले की त्याचे पाय लटके पडत. ह्या रोगाला जेलिनो ह्यांनी नार्कोलेप्सी असे नाव दिले. १९१७ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर इकॉनोमो ह्यांनी झोपेच्या एका भयंकर साथीत मेलेल्यांचे मेंदू तपासले आणि झोप व जाग सांभाळणारी जागा मेंदूच्या तळाशी आहे, असे दाखविले. १९९८ मध्ये त्याच जागेतील काही पेशी मनुष्याला जागे ठेवणारे एक द्रव्य स्रवतात असे आढळले. त्याला ऑरेक्सिन किंवा हायपोक्रेटिन म्हणतात. २००० साली नार्कोलेप्सी झालेल्यांच्या मेंदूत ह्या पेशी बहुतांशी नष्ट झालेल्या असतात, हे सिद्ध झाले. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच चुकून त्या पेशींचा नाश करीत असावी, असे शास्त्रज्ञांचे मत आहे.

पालकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. हा रोग पुष्कळदा शाळेच्या वयातच सुरू होतो. रात्री पुरेशी झोप होऊनही मूल दिवसा आवरेना अशा झोपेने वारंवार निजते. मोठ्याने हसताना त्याचे गुडघे लचकतात किंवा जबडा सैल पडतो, पण शुद्ध हरपत नाही. निजताना वा उठताना छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते आणि अंग हलविता येत नाही. झोप लागतालागताच भयंकर दृश्ये दिसतात. घरातील वडीलधारी माणसे ह्याला बाहेरची बाधा म्हणतात, आणि शिक्षक त्याला आळस म्हणतात. वर्षानुवर्षे रोग ओळखला जात नाही. दरम्यान ते मूल अभ्यासात मागे पडते, छड्या खाते, सोबत्यांच्या थट्टेचा विषय होते, आणि शेवटी आपण खरोखरच नालायक आहो असे स्वतःच मानू लागते. मोठ्या रुग्णालयात एक रात्र झोपेची नोंद घेतात आणि दुसऱ्या दिवशी ठरावीक अंतराने चार-पाच वेळा निजवून पाहतात. झोप किती लवकर लागते आणि स्वप्नांची अवस्था किती लवकर येते, ह्यावरून निदान होते. रोग समूळ जात नाही. परंतु औषधांनी व दिवसात ठरल्या वेळी थोडी विश्रांती घेतल्याने मनुष्य शिक्षण व कामधंदा नीट करू शकतो. गंडेदोरे व छडी ह्यांनी मात्र मेंदूतील गेलेल्या पेशी परत येत नाहीत.

पणजी शहरात जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत ह्यांनी तो घडविला आणि १९४५ साली तो तेथे उभारला गेला. पायघोळ झगा घातलेले फारिया दोन्ही हात पुढे करून उभे आहेत आणि त्यांच्यासमोर एक स्त्री निद्रावश होऊन मागे कलत आहे. पुतळा अतिशय सुंदर आहे. परंतु सहलीला गेलेल्या विद्यार्थ्याने तो पाहताना एक गोष्ट विसरू नये. त्या पुढे केलेल्या हातांत काहीच शक्ती नाही, हेच सांगण्यात त्या महापुरुषाने आपले आयुष्य वेचले होते.

आपल्या अंगी नसलेला मोठेपणा लोक आपण होऊन देऊ लागले असता तो नाकारणे, ही गोष्ट विद्येहूनही कठीण आहे. फारियांनी ती केली. आणि पुढच्या वेळी वर्गात शेजारच्या सोबत्याची मान लवली, तर त्याला हसण्यापूर्वी आपणही तोच प्रश्न विचारावा, जो कांदोळीच्या त्या मुलाने परदेशात जाऊन जन्मभर विचारला : ह्या झोपेचे कारण काय?